कोंबड्यांचे चोर

मराठीच्या प्राध्यापकाने कोंबड्या पाळाव्यात, याचे वाचकांना थोडे हसू येईल हे मी गृहीत धरतो. काही वर्षांपूर्वी मलाही आले असते. माझा आणि कोंबडीचा संबंध तोवर म्हणींपुरता होता. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून सांगितली असेल याची गणती नाही. पण कोंबडे झाकतात म्हणजे नेमके काय करतात, कशाखाली झाकतात आणि मुळात का झाकतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याने तो विचारला नाही. त्याचे उत्तर मला चाळिशीत मिळाले आणि तेही बरेच महाग पडले. पैशांनी नव्हे. ते पुढे येईलच.

आमचे घर देवरूखला, गावाच्या जरा कडेला आहे. वडिलांनी बांधलेले. पुढे अंगण, मागे परसात चार नारळी आणि एक फणस, आणि कडेने चिऱ्यांचा गडगा. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न वापरता चिऱ्यावर चिरा रचून केलेले कुंपण. गडग्यापलीकडे पऱ्या आहे; पावसाळ्यात भरून वाहतो, पुढे कोरडा पडतो. त्याच्या काठाने काजू आणि करवंदीच्या जाळ्या. पुण्या-मुंबईचे पाहुणे मागल्या दारी उभे राहून “वा! काय निसर्ग आहे!” म्हणतात. ह्या निसर्गात आमच्याखेरीज आणखी कोण कोण राहते, हे मात्र कोंबड्या येईपर्यंत आम्हांलाही ठाऊक नव्हते.

त्या आल्या २०२० साली. कोंबडी खाल्ली तर करोना होतो अशी अफवा त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उठली होती, ती वाचकांना आठवत असेल. कोंबड्यांचे भाव असे कोसळले, की पाळणारे हवालदिल झाले. माझा एक जुना विद्यार्थी गावठी कोंबड्या पाळतो. एके सकाळी तो पाटीत सहा तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या, आणि एक तांबडालाल कोंबडा घेऊन दारात उभा राहिला.

“सर, दाणे घालायला परवडत नाहीत आणि कापायला जीव होत नाही. तुमच्या परसात जागा आहे.”

विद्यार्थ्याला नापास करता येते. पण दारात पाटी घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणता येत नाही. मी पाटी घेतली.

माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. जन्मात अंडे न खाल्लेली. आता घरात महाभारत होणार, अशा तयारीने मी मागल्या दारी गेलो. आईने पाटीत डोकावून पाहिले आणि विचारले, “आणल्यास त्या आणल्यास. पण रात्री झाकणार कशाखाली?”

तिच्या माहेरी शेजारच्या घरी कोंबड्या होत्या. तिन्हीसांजा झाल्या, की त्या घरची म्हातारी बांबूच्या मोठ्या डालग्याखाली एकेक कोंबडी सारी आणि डालग्यावर धोंडा ठेवी. कोंबडीला रात्री दिसत नाही. दिवसा घारीला हुलकावणी देणारी कोंबडी अंधारात हाताने उचलली तरी निमूट येते. म्हणजे कोंबडे झाकत होते ते उजाडू नये म्हणून नव्हे. ते उजाडेपर्यंत जिवंत राहावे म्हणून. पंधरा वर्षे शिकवलेल्या म्हणीचा अर्धा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पाहुण्यांची यादी

लाकडी खुराडे करून घेतले. जमिनीपासून दोन फूट उंच, आत आडव्या दांड्या, खाली भाताचा तूस. दांड्या कशाला, असे मी सुताराला विचारले, तर तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष रानकोंबडा. तो संध्याकाळी झाडावर चढून झोपतो. हजारो वर्षे माणसाच्या दारी राहूनही कोंबडीने ती सवय सोडलेली नाही. सूर्य कलला की ती उंच जागा शोधू लागते. ती घड्याळ बघत नाही, सूर्य बघते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ते ठेवले नाही.

पहिली कोंबडी खुडूक झाली तेव्हा आईच्या सल्ल्याने तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिले बाहेर आली. घरात बारसे असल्यासारखी धांदल. धाकटीने नवांची नावे ठेवली. आठवड्याच्या आत त्यांतली चार गेली. दोन कावळ्यांनी नेली, दोन घारीने. माझ्या देखत घार खाली आली, पायांत पिलू धरून वर गेली आणि मी हातात वर्तमानपत्र घेऊन ‘अरे, अरे’ करीत उभा राहिलो.

आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांनी मला कोंबडा ऐकायला शिकवले. आकाशात घार दिसली तर कोंबडा बारीक, लांबट आवाज काढतो; तो ऐकताच कोंबड्या जिथे असतील तिथे झुडपाखाली दबून बसतात. जमिनीवरून कुत्रे-मांजर आले तर आवाज निराळा: तुटक, मोठा, ‘कक्-कक्-कक्’ असा लांबत जाणारा, तो ऐकून त्या माना उंच करून उभ्या राहतात. म्हणजे शत्रू वरून येतो आहे की बाजूने, हेसुद्धा त्यांच्या भाषेत वेगळे सांगता येते. आयुष्यभर भाषा शिकवून माझ्या परसातली ही भाषा मला ऐकू आली नव्हती.

मग उपाय सुरू झाले. पिले असलेली कोंबडी पहिले काही आठवडे विरळ विणीच्या डालग्याखालीच ठेवायची. परसाच्या एका कोपऱ्यावर मासेमारीचे जुने जाळे ताणून बांधले. मोकळ्या जागेत अडुळसा आणि जास्वंदी लावली, कारण वरून येणाऱ्या शत्रूपुढे कोंबडीला बंदूक नको असते, झुडूप हवे असते. घारीचा प्रश्न पुष्कळसा मिटला.

मग मुंगूस आले. मुंगूस दिवसाढवळ्या येते. सकाळी साडेनऊला, सौ. डबा भरीत असताना ते खुराड्यातून अंडे घेऊन निघाले आणि तिच्याकडे एकवार बघून गडग्यात गेले. “पाहुणा ओळखीचा असावा, तसं बघितलं,” ती म्हणाली. उपाय सोपा: सकाळी आणि दुपारी, दोन वेळा अंडी उचलायची. अंडे नाही तर मुंगूस नाही.

मुंगसावर माझा तसा रागही नव्हता. उंदीर आणि साप दोन्ही ते आटोक्यात ठेवते. ह्याच गुणासाठी १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैका बेटात नेली होती, उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा! तेव्हा मुंगसांनी थोडे उंदीर खाल्ले आणि मग तिथल्या पक्ष्यांकडे आणि लोकांच्या कोंबड्यांकडे मोर्चा वळवला. ज्याला आपण मदतनीस म्हणून आणतो त्याला आपले वेळापत्रक मान्य असतेच असे नाही.

पुढे धामण आली, एकदा नाग येऊन गेला, एकदा घोरपड फणसाला चिकटलेली दिसली. सापांचा उपाय सौ.ने शोधला. सांडलेल्या कणीवर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. दाणे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात गेले, संध्याकाळी अंगण झाडून घेण्याचा नियम झाला आणि सापांची ये-जा कमी झाली. “एवढी आवराआवर माझ्या माहेरचे येणार असले तरी होत नाही,” असा शेरा मारून घ्यायला ती विसरली नाही.

हिशेब चुकू लागला

२०२२ च्या जूनमध्ये कोंबड्यांचा व्याप वाढला, तेव्हा मी एक मदतनीस ठेवला. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा मुलगा. बारावीला होता. सकाळी कॉलेजला जाण्याआधी यायचे, खुराडे उघडायचे, साफ करायचे, पाणी बदलायचे, दाणे घालायचे. संध्याकाळी मोजून दार लावण्याचे काम माझ्याकडे. मुलगा अबोल, पण कोंबड्यांचे त्याला चांगले कळे. कुठली लंगडते, कुठली अंड्यावरून उतरली, हे तो माझ्या आधी सांगे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आमच्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले, बैठकांवर बैठका सुरू झाल्या आणि मला घरी यायला सात, सव्वासात वाजू लागले. नोव्हेंबरच्या मध्यावर एका रात्री मोजल्या तर एक कमी. कवडी नव्हती. कंदिलासारखी विजेरी घेऊन परसभर फिरलो. रक्त नाही, पीस नाही, काही नाही. सहा दिवसांनी तुरेवाली गेली. त्यानंतर चार दिवसांनी काळी.

मी विचार करू लागलो. मुंगूस मारते तेव्हा पसारा करते. कुत्रे आले तर साऱ्या आळीला कळते. मग अख्खी कोंबडी मागे पीसही न ठेवता कोण नेते? दोन पायांचे कोणीतरी! आणि एकदा हा विचार आला म्हणताच पुढचे सारे आपोआप जुळत गेले. दिवाळीआधी त्या मुलाने माझ्याकडे बारावीच्या परीक्षेच्या फॉर्मसाठी उचल मागितली होती. “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणून मी विसरलो होतो. त्याला पैसे हवे होते. गावठी कोंबडीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. खुराड्याचे दार रोज त्याच्या हाती. आणखी काय पुरावा हवा?

मी त्याला स्पष्ट काही म्हटले नाही. सुशिक्षित माणूस स्पष्ट म्हणत नाही. एका सकाळी तो दाणे घालीत होता, तेव्हा मी ओट्यावर जाऊन उभा राहिलो.

“काल सकाळी उघडलंस तेव्हा किती होत्या रे?”

“कोंबडा धरून दहा, सर.”

“मोजल्या होत्यास?”

“रोज मोजतो.”

“आज नऊच आहेत. मग जातात कुठे? बाजारात सध्या गावठीला बराच भाव आहे म्हणतात.”

त्याने माझ्याकडे पाहिले. हातातले दाण्यांचे वाडगे पायरीवर ठेवले, नळाखाली हात धुतले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मावशी आल्या, मुकाट्याने भांडी घासून गेल्या. तिसऱ्या दिवशी जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, माज्या पोराचा हात कुनाच्या वस्तूला लागला नाय कधी. फॉर्माचं पैसं माज्या भावानं दिलं. तुमाला सांगायचं ऱ्हायलं व्हतं.”

“मावशी, मी तसं काही म्हटलं नाही. मी नुसतं विचारलं,” मी म्हणालो.

त्या गेल्यावर आतून आई म्हणाली, “तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस.”

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “माणसावर बोट ठेवण्याआधी जमीन बघायची असते. राख पसर.”

राखेवरची अक्षरे

न्हाणीच्या चुलीतली राख पिठाच्या चाळणीने चाळून (चाळणीवरून घरात वेगळाच वाद झाला, तो इथे देत नाही) मी खुराड्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा पसरला. दार लावून झाल्यावर, साडेसातला. सकाळी पाहिले तर राख जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तशीच. रात्री कोणी येत नाही, हे सिद्ध झाले आणि माझा संशय आणखी बळावला, हे कबूल केले पाहिजे.

प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी ही सारी हकीकत मोठ्या विजयाने सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“दार लावायला घरी कितीला पोचतोस?”

“सात, सव्वासात.”

“जूनमध्ये सव्वासातलासुद्धा उजेड असतो. आत्ता सूर्य कितीला मावळतो?”

सहाला. नोव्हेंबर संपत आला, की आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कोंबड्या सूर्याबरोबर खुराड्यात जात होत्या आणि मी घड्याळाबरोबर घरी येत होतो. मधला तास-सव्वा तास, त्यांना काही दिसत नसताना, दार सताड उघडे होते. घरात आई आणि सौ. होत्या, पण दार लावणे हे माझे काम, असे मीच ठणकावून ठरवलेले. राख मी पसरत होतो ती चोर येऊन गेल्यानंतर.

मग पाच वाजता, उजेडी, सौ.ने राख पसरली. खुराड्याभोवती आणि गडग्याच्या कडेनेही. मी रजा टाकून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसू लागलो. दोन संध्याकाळी कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी साडेसहाच्या सुमारास, रंग नाहीसे होतात अशा वेळी, नारळीच्या बुंध्याशी काहीतरी उभे दिसले. प्रथम वाटले शेजारचे मांजर. पण पाय लांब होते. अंग वाळूच्या रंगाचे, शेपूट आखूड आणि टोकाशी काळी वळी, कानांच्या टोकांना बारीक काळे केस. ते घाईत नव्हते. आपल्या घरी आल्यासारखे ते खुराड्याकडे चालत निघाले. कोंबडा आतून ‘कक्-कक्’ करू लागला. मी खिडकी वाजवली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि दोन उड्यांत गडग्याशी जाऊन नाहीसे झाले.

गडग्यावरून नव्हे. गडग्याखालून.

सकाळी सहकारी आले. राखेवर ठसे स्वच्छ उमटले होते. त्यांनी काडीने एकेक दाखवले. चार बोटे, नखांचा मागमूस नाही. कुत्रा किंवा कोल्हा असता तर चार बोटांपुढे नखांच्या खुणा दिसल्या असत्या. मुंगूस असते तर पाच बोटे आणि लांब नखे. मांजराच्या जातीचे जनावर चालताना नखे आत ओढून घेते. ठसा घरच्या मांजरापेक्षा मोठा. “रानमांजर,” ते म्हणाले. “मुख्यतः उंदीर खातं बिचारं. पण तू रोज तासभर जेवणाचं ताट वाढून ठेवत होतास.”

ठशांमागून आम्ही गडग्यापर्यंत गेलो. पऱ्याच्या बाजूला खालचे दोन चिरे पावसात सुटून बाहेर सरकले होते आणि हात जाईल एवढे भोक पडले होते. त्याच्या कडेला एक कवडे पीस अडकले होते. पलीकडे उतरलो. दहा पावलांवर करवंदीच्या जाळीत पिसांचे ढीग होते. कवडी, तुरेवाली, काळी. तिघींचीही पिसे ओळखू आली.

आणि तिथे उभा असताना मला आठवले. ऑक्टोबरात, पाऊस संपता संपता, तो मुलगा मला म्हणाला होता, “सर, पऱ्याकडच्या गडग्याचे दोन चिरे सुटलेत. खालून कायतरी येतं-जातं. बसवून देऊ का? कुनीतरी जोडीला पायजे.”

“बघू रविवारी,” मी म्हणालो होतो.

पंचतंत्रातल्या पाचव्या तंत्राचे नाव ‘अपरीक्षितकारक’ आहे. न तपासता केलेली कृती. बाळाच्या पाळण्याशी आलेल्या सापाला मारून रक्ताळल्या तोंडाने समोर आलेल्या मुंगसाला त्याच्या धनिणीने मारून टाकले, ती गोष्ट त्यातलीच. ती मी मुलांना सांगतो. सांगताना आवाज थोडा कापरा करतो. मुले गंभीर होतात. त्या सकाळी पिसांकडे बघताना मला माझा तो आवाज आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुरुस्ती

गोष्ट आळीत पसरली. एका शेजाऱ्यांनी विष घालायचा सल्ला दिला. एकाने फास लावून देण्याची तयारी दाखवली. दोन्हींना नाही म्हटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानमांजर, मुंगूस, घोरपड ह्या साऱ्यांना संरक्षण आहे, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की विष पत्ता विचारून जात नाही. ते आळीतली कुत्री खातात, कावळे खातात, मेलेल्या उंदराबरोबर घारीच्या पोटात जाते. आणि तिसरी, मुख्य. एक रानमांजर मेले तरी भोक तसेच राहते. त्यातून दुसरे येते.

तेव्हा भोकाचा विचार केला. कोंबडीपालनाच्या दुकानात जी षट्कोनी भोकांची जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवण्यापुरती असते. बाहेरचे दात आणि पंजे तिला जुमानत नाहीत. ती काढून अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावली. जाळीचा खालचा फूटभर भाग जमिनीवर बाहेरच्या बाजूस आडवा दुमडला आणि वर चिरे ठेवले. उकरणारे जनावर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरू लागते. तिथे पंजाला जाळी लागली की कंटाळते, चार पावले मागे सरकून उकरण्याचे त्याला सुचत नाही. दाराला एकाऐवजी दोन कड्या, एक वर, एक खाली. आणि घड्याळ रद्द. सूर्य मावळण्याआधी दार लावायचे. मी घरी असो वा नसो, जो असेल त्याने. ही शेवटची दुरुस्ती फुकट होती आणि तिचाच उपयोग सर्वांत जास्त झाला. त्यानंतर आमची एकही कोंबडी रात्री गेली नाही.

गडग्याचे दोन चिरे मात्र मी बसवले नाहीत. एकट्याने ते बसतही नव्हते.

त्या रविवारी मी त्यांच्या वाडीत गेलो. मुलगा अंगणात पुस्तक घेऊन बसला होता. मावशींनी खुर्ची दिली, चहा टाकला. काय बोलायचे ते मी वाटेत चार वाक्यांत जुळवून आणले होते. खुर्चीत बसल्यावर त्यांतले एकही आठवेना.

“चोर सापडला,” मी म्हणालो. “रानमांजर. गडग्याच्या भोकातून येत होतं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. आणि वर तुझ्यावर संशय घेतला. चूक माझी झाली.”

“रानमांजर व्हय?” त्याचे डोळे चमकले. “मला मुंगूस वाटलेला. ठसे बघितलात का, सर?”

मी ठशांचे सांगितले. चार बोटे, नखे नाहीत. तो लक्ष देऊन ऐकत होता. थोडा वेळ आम्ही दोघे रानमांजराबद्दलच बोललो. ते सोपे होते. निघताना मी विचारले, “येशील ना पुन्हा?”

“येतो,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पन खुराड्याला कुलूप लावा. चावी तुमच्याकडं ठेवा.”

“अरे, दोन कड्या लावल्यात. मांजराला कड्या काढता येत नाहीत. कुलूप कशाला?”

“मांजरासाठी नाय, सर.”

मावशी चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी चहाचा कप खाली ठेवला.

मी कुलूप आणले. आणले नसते तर तो आला नसता. तो आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून आधी गडग्याचे चिरे बसवले. त्यानंतर रोज सकाळी मी उठून कुलूप काढी, मग तो आत जाई. संध्याकाळी साडेपाचला तो मुद्दाम यायचा, कामाचे नसतानाही. कोंबड्या एकामागून एक फळीवरून वर चढत. तो एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला उभा. तो मोठ्याने मोजी. शेवटची आत गेली की म्हणे, “नऊ.” आणि माझ्याकडे बघे. मीही म्हणत असे, “नऊ.” मग मी कुलूप लावी. परीक्षेच्या दिवसांतही त्याने हा नेम मोडला नाही. तो पास झाला. पुढे शिकायला रत्नागिरीस गेला आणि आता पुण्यास नोकरीला आहे. दिवाळीत येतो तेव्हा पेढे देतो, कोंबड्या बघून जातो. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

कुलूप अजून आहे. गंजले आहे, चावीही कुठे आहे ते आठवत नाही. नुसते कोयंड्यात अडकवलेले असते. त्याचे काम दोन कड्या करतात. ते काढून टाका असे सौ. म्हणते. मी काढलेले नाही.

संध्याकाळी ऊन नारळीच्या शेंड्यावर गेले, की मी मागल्या दारी जातो. रानमांजर पऱ्यापलीकडे अजून आहे. कधीमधी पहाटे मऊ मातीत चार बोटांचा ठसा दिसतो. त्याचे ते तिकडे, आमचे आम्ही इकडे. कोंबड्या फळीवरून चढू लागतात आणि मी मोठ्याने मोजतो. शेजाऱ्यांना त्याची आता सवय झाली आहे. आईला हल्ली नीट दिसत नाही, पण ती आतून विचारते, “किती रे?”

“चौदा,” मी सांगतो.

“नीट मोजल्यास?”

मी पुन्हा मोजतो, आणि मग दार लावतो.